कांचेंतील समुद्राचा फेंस

आषाढांतील उधाणाच्या दिवशीं जुहू किंवा वर्सोवा येथील किनाऱ्यावर जो कोणी उभा राहिला असेल, त्यानें वाळूवर सांचलेला फेंस अवश्य पाहिला असेल. हा फेंस शुभ्र नसतो. त्यावर पिवळट-तपकिरी झांक असते, वाऱ्यानें त्याचे गोळे उडतात आणि ऊन पडलें कीं मागें एक चिकट, मळकट डाग राहतो. शहराच्या सांडपाण्याचा त्यांत वांटा आहे, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु जेथें एकहि गटार समुद्रास मिळत नाहीं अशा निर्जन किनाऱ्यावरहि फेंस येतोच. कुजलेलें शेवाळ, मेलेले सूक्ष्म जीव, माशांच्या अंगावरील बुळबुळीत स्राव, हें सारें पाण्यांत विरघळतें. लाटा त्या पाण्यांत हवा घुसळतात. आणि विरघळलेला मळ बुडबुड्यांना चिकटून काठावर फेंकला जातो. समुद्र आपलें अंग धुण्याचें कांहीं काम अशा रीतीनें स्वतःच करीत असतो.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील ज्या घरांत खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवलेली आहे, तेथें नेमकें हेंच काम एका उभ्या नळकांड्याकडे सोंपविलेलें असतें. त्यास प्रोटीन स्किमर असें म्हणतात. दुकानदार नुसतें स्किमर म्हणतो, आणि मराठींत त्यास फेंसयंत्र म्हटलें तर अर्थ चटकन ध्यानीं येतो. हें यंत्र विकत आणणारे पुष्कळ, परंतु तें नीट लावून, जुळवून, त्याच्या कलानें चालविणारे थोडे. पहिल्या आठ दिवसांतच कोणी कंटाळून तें बंद करतो, कोणी दिवसांतून दहा वेळां त्याची कळ फिरवीत बसतो. आणि दोघांच्याहि टांकींतील जीव त्याची किंमत देतात.

मुंबईकराला समुद्रांतील माशांची ओढ नवी नाहीं. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें, आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांतील मुलांनीं रंगीबेरंगी समुद्री मासा प्रथम पाहिला तो तेथील कांचेआड. मत्स्यशास्त्राचें उच्च शिक्षण देणारी केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ सालीं स्थापन झाली. तिचें ठाणेंहि उपनगरांतच, अंधेरीच्या वर्सोवा भागांत आहे. असें असूनहि घरगुती हौस बहुधा गोड्या पाण्यापुरती राहिली, आणि त्यास कारण आहे. गोड्या पाण्यांतील गप्पी किंवा गोल्डफिश बरीच हयगय सोसतात. प्रवाळभित्तीवरचे जीव ती सोसत नाहींत.

प्रवाळभित्तीचें पाणी स्फटिकासारखें दिसतें, कारण तें विलक्षण निःसत्त्व असतें. त्यांत खत म्हणून उपयोगी पडणारीं द्रव्यें अगदीं लेशमात्र असतात. लाखों वर्षें अशा पाण्यांत वाढलेल्या जीवांना आपण चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशा कांचेच्या पेटींत आणून ठेवतों. या पेटींत काठोकाठ भरलें तर सुमारें २४० लिटर पाणी मावतें. त्यांत रोज खाद्य पडतें, मासे विष्ठा टाकतात, न खाल्लेला घांस खडकाआड कुजतो. या कुजण्यांतून प्रथम अमोनिया होतो, जंतू त्याचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट विषारी आहेत. नायट्रेट सौम्य खरें, परंतु तें सांचत गेलें कीं खडकांवर हिरवें-तांबडें शेवाळ माजतें आणि नाजुक जीवांचा श्वास कोंडतो. समुद्राला ओहोटी-भरती आहे, अथांग खोली आहे. पेटीला त्यांपैकीं कांहीं नाहीं. म्हणून मळ कुजण्याच्या आधींच, म्हणजे त्याचा अमोनिया होण्यापूर्वींच, तो पाण्याबाहेर काढणें हा खरा उपाय होय. आणि फेंसयंत्राचें महत्त्व एवढ्याच एका गोष्टींत आहे. गाळणीवरील कापूस मळ अडवून ठेवतो, पण तो मळ पाण्यांतच भिजत राहून कुजत असतो. फेंसयंत्र त्यास पाण्याच्या संपर्कांतूनच उचलतें.

तें कसें उचलतें, हें समजल्याशिवाय त्याची कळ फिरविणें म्हणजे अंधारांत चांचपडणें होय. प्रथिनें, मेद व त्यांच्यासारखीं पुष्कळ सेंद्रिय द्रव्यें दुतोंडी असतात. त्यांच्या रेणूचें एक टोंक पाण्याशीं सलगी करतें, दुसरें पाण्यापासून दूर पळूं पाहतें. अशा रेणूला सोयीची जागा एकच, ती म्हणजे पाणी आणि हवा यांची सीमा. तेथें त्याचें एक टोंक पाण्यांत व दुसरें हवेंत राहूं शकतें. बुडबुडा म्हणजे पाण्याच्या पोटांत निर्माण केलेली अशीच एक सीमा. एक लिटर हवेचे एक मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस मीटर भरतो, म्हणजे एका लहानशा खोलीच्या जमिनीएवढा. व्यास निम्मा केला तर तोच पृष्ठभाग बारा चौरस मीटर होतो. बुडबुडा जितका बारीक, तितकी मळाला बसावयास जागा अधिक, आणि वर चढण्यास त्याला वेळहि अधिक लागत असल्यामुळें तितकी भेट दीर्घ.

येथें मीठ मदतीस येतें. गोड्या पाण्यांत बारीक बुडबुडे एकमेकांस भेटतांच मिळून मोठे होतात. खाऱ्या पाण्यांत तसें सहजासहजीं होत नाहीं, ते बारीकच राहतात. गोड्या पाण्याच्या पेटींत हें यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरतें, तें यामुळें. पेटीचा खारेपणा घसरला तर फेंसहि मंदावतो, याचा उलगडाहि यांतच आहे.

अशा यंत्राचा घरगुती प्रसार प्रथम जर्मनींत, १९६०च्या दशकांत झाला. त्या वेळीं लांकडी छिद्रकांड्यांतून हवा फुंकून बुडबुडे करीत. पुढें बर्लिन येथील छांदिष्टांनीं जिवंत खडक, प्रखर दिवे व जोरकस फेंसयंत्र यांच्या आधारें प्रवाळ जगवून दाखविले, आणि ती पद्धति बर्लिन पद्धति या नांवानें जगभर पसरली. अर्थात् यंत्रास जादू मात्र समजूं नये. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनीं २००९ च्या सुमारास निरनिराळ्या स्किमरांच्या मोजण्या केल्या. पाण्यांतील एकूण सेंद्रिय कार्बनापैकीं सरासरी एकपंचमांश ते एकतृतीयांश इतकाच भाग स्किमरानें निघतो, आणि या बाबतींत एका कंपनीच्या यंत्रांत व दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांत फारसा भेद नाहीं, असें त्यांतून दिसलें. दुकानांत महाग यंत्राची थोरवी ऐकतांना हे आंकडे मनांत असलेले बरे. आधीं तयार झालेलें नायट्रेट तर हें यंत्र काढूंच शकत नाहीं. त्यासाठीं पाणी बदलण्यास पर्याय नाहीं.

पेटी मांडण्याआधीं कायद्याची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, काळें प्रवाळ, तसेच समुद्रघोडे यांचा समावेश झाला. वाघाला जें संरक्षण, तेंच या जीवांना. मालवणच्या समुद्रांत किंवा खुद्द मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर प्रवाळ आहेत. सागरी किनारा मार्गाच्या बांधकामासाठीं २०२० सालीं वरळी व हाजीअली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती परवानगी काढून अन्यत्र हलवाव्या लागल्या. ज्यांना हात लावण्यास सरकारी कामालाहि परवाना लागतो, ते चोरून पिशवींत घालून विकणारा दुकानदार गिऱ्हाइकालाहि गुन्ह्यांत ओढतो. तेव्हां कोणताहि जीव घेण्यापूर्वीं तो अनुसूचींत आहे कीं काय, याची वनविभागाकडे चौकशी करावी, आणि खडक म्हणून भाजलेल्या मातीचे वा सिमेंटचे तयार खडक वापरावे. कांहीं महिन्यांत जंतू त्यांवर वस्ती करतात. पुढें जें सांगितलें आहे तें नुसते समुद्री मासे असलेल्या पेटीलाहि तंतोतंत लागू पडतें.

पाण्याविषयीं थोडें. वर्सोव्याच्या खाडीवरून बादली भरून आणण्याचा मोह टाळावा. त्या पाण्यांत सांडपाणी असतें आणि पावसाळ्यांत त्याचा खारेपणाहि पार उतरतो. महानगरपालिकेच्या नळाचें पाणी पिण्यास चांगलें, परंतु त्यांत क्लोरीन असतें. म्हणून आरओ यंत्राच्या पाण्यांत तयार समुद्री मीठ, एका लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणानें, कालवून एक दिवस ढवळत ठेवावें. स्वयंपाकघरांतील आरओ यंत्रांत बहुधा चवीसाठीं थोडें मूळ पाणी पुन्हां मिसळण्याची सोय असते. तें मिश्रण बंद करून टीडीएस मीटरचा आंकडा शून्याच्या जवळ आला आहे याची खात्री करून घ्यावी.

आतां यंत्राकडे वळूं. त्याचे मुख्य भाग सहा. खालीं पंप, त्याच्या आंत नेहमींच्या पात्यांऐवजीं सुयांचें चक्र, जें हवेला चिरून तिचे बारीक बुडबुडे करतें. पंपाच्या तोंडाशीं हवेची बारीक नळी. त्यावर रुंद नळकांडें, म्हणजे यंत्राचें पोट, ज्यांत पाणी व बुडबुडे घुसळतात. पोटावर निमुळती होत गेलेली मान. मानेवर उलटा पडणारा फेंस झेलणारा पेला. आणि बाजूला पाणी परत जाण्याची नळी, जिच्यावर एक झडप असते. यांपैकीं झडप हें सुकाणूं होय. ती बंद करीत नेली कीं पोटांतील पाण्याची पातळी चढते, उघडली कीं उतरते. हवेच्या नळीवरहि कांहीं यंत्रांत एक कळ असते. ती पूर्ण उघडी ठेवून विसरून जावें. फेंस आंवरण्यासाठीं हवाच कमी करणें म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर पाण्यांत बुडविण्यासारखें आहे.

यंत्र बहुधा मुख्य पेटीखालच्या कपाटांतील दुसऱ्या टांकींत उभें करतात. तिला संप म्हणतात, आणि इमारतीखालच्या पाण्याच्या संपाशीं तिचा नांवापलीकडे संबंध नाहीं. या टांकींत यंत्र किती खोल पाण्यांत उभें राहावें हें त्याच्या माहितीपत्रकांत दिलेलें असतें. पुष्कळ यंत्रांना १५ ते २३ सेंटिमीटर पाणी मानवतें. ही खोली केवळ योग्य असून भागत नाहीं, ती अचल असावी लागते. बाहेरील पाणी एक सेंटिमीटर चढलें तर पोटांतील पातळीहि तितकीच चढते, आणि काल उत्तम चालणारें यंत्र आज पेला भरून सांडूं लागतें. नवशिके ज्यास यंत्राचा लहरीपणा म्हणतात, तो दहांपैकीं आठ वेळां खालच्या टांकीच्या पातळीचा लहरीपणा असतो. त्यासाठीं टांकींत आडव्या कांचा बसवून तिचे कप्पे करावे आणि यंत्र अशा कप्प्यांत ठेवावें कीं ज्याचें पाणी कांचेवरून ओसंडून पुढें जातें. बाष्पीभवनानें उतरणारें पाणी मग शेवटच्या, परत नेणाऱ्या पंपाच्या कप्प्यांतच उतरतें, यंत्राच्या कप्प्यांत नाहीं. कप्पे करणें शक्य नसेल तर रोज ठराविक वेळीं गोडें आरओ पाणी घालून पातळी खुणेवर आणावी. बाष्प होऊन जातें तें पाणी, मीठ मागेंच राहतें; म्हणून येथें खारें पाणी घालूं नये.

नवें यंत्र धुतल्याशिवाय लावूं नये. ॲक्रिलिक कापतांना, चिकटवितांना त्यावर तेलकट थर राहतो. कोमट पाण्यांत थोडें व्हिनेगर घालून त्यांत तें कांहीं तास चालवावें व स्वच्छ पाण्यानें खळबळून घ्यावें. साबणाचा थेंबहि लावूं नये.

यानंतर खरी परीक्षा येते, आणि ती यंत्राची नसून माणसाची असते. पहिल्या दिवशीं झडप पूर्ण उघडावी, म्हणजे पोटांतील पाणी सर्वांत खालीं राहील, आणि यंत्र चालूं करून तसेंच सोडून द्यावें. तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत नवें यंत्र वेडेंवांकडें वागतें. कधीं मुळींच फेंस करीत नाहीं, तर कधीं मध्यरात्रीं पेला काठोकाठ भरून पाणी वाहूं लागतें. नव्या पृष्ठभागावर सेंद्रिय द्रव्यांचा एक सूक्ष्म लेप बसेपर्यंत असें चालावयाचेंच. या काळांत पेल्याच्या बुडाला निचऱ्याचें छिद्र असेल तर तें उघडून नळी परत टांकींत सोडावी, म्हणजे जमीन भिजणार नाहीं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानें तर ही दक्षता अगत्य घ्यावी. खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर उमटलेला खाऱ्या पाण्याचा डाग सोसायटीच्या सभेंत वर्षभर पुरतो.

यंत्र शांत झालें कीं पोटाकडे निरखून पाहावें. खालीं दुधासारखें पांढरें, बुडबुड्यांनीं भरलेलें पाणी दिसेल. वर मोकळा, जाळीदार फेंस. जेथें पाणी संपून निव्वळ फेंस सुरू होतो ती रेषा शोधावी. सारी जुळवणी या एका रेषेची आहे. झडप अगदीं किंचित् बंद करावी, रेषा वर चढेल. मग हात काढून घ्यावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत यंत्रास स्पर्श करूं नये. पुन्हां किंचित् बंद, पुन्हां एक दिवस. रेषा जेथें पोट संपून मान सुरू होते तेथें, किंवा त्याच्या बोटभर वर आली म्हणजे थांबावें. फेंस मानेंतून सावकाश चढावा, चढतां चढतां त्यांतील पाणी खालीं निथळावें, आणि वर पोंचेपर्यंत तो दाट, तपकिरी होऊन काठावरून पेल्यांत कोसळावा. मान निमुळती व उंच असते ती या निथळण्यासाठींच. झडप एकदम अर्धी फिरवून दहा मिनिटांत परिणाम पाहूं इच्छिणाऱ्यास तो कधींच दिसत नाहीं, कारण फेंसाची घडण पाण्यांतील द्रव्यांवर अवलंबून असते आणि तीं द्रव्यें तासांच्या नव्हे, दिवसांच्या हिशेबानें बदलतात.

पेल्यांत काय जमतें, त्यावरून जुळवणी ओळखतां येते. कोऱ्या चहासारखें पातळ व पुष्कळ पाणी जमत असेल तर रेषा उंच आहे. यास ओला फेंस म्हणतात. काळसर, घट्ट, काकवीसारखें व अगदीं थोडें जमत असेल तर तो कोरडा फेंस. दोहोंच्या मधली, गडद चहाच्या रंगाची स्थिति बहुतेक घरांना मानवते. ओल्या फेंसानें मळ अधिक निघतो हें खरें, पण त्याबरोबर मीठहि निघतें, आणि हा चोर सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. रोज अर्धा लिटर पातळ पाणी पेल्यांतून फेंकलें आणि तूट गोड्या पाण्यानें भरली, तर रोज सतरा-अठरा ग्रॅम मीठ कमी होतें. २४० लिटरांच्या पेटींत महिन्याभरांत खारेपणा ३५ वरून सुमारें ३३ वर येतो. खारेपणा मोजण्याचें रिफ्रॅक्टोमीटर आठवड्यांतून एकदां तरी हातीं घेणें यासाठीं अगत्याचें.

सुरळीत चाललेलें यंत्र एकाएकी मंदावलें तर झडपेकडे धांव घेऊं नये, आधीं घरांत काय घडलें तें आठवावें. खाद्य घातल्यावर तास-दोन तास फेंस बसतो, कारण खाद्यांतील तेल फेंसाचा वैरी आहे. घरीं कोळंबीचें वाटण करून माशांना घालणाऱ्यांनीं तें आरओ पाण्यांत धुवून, निथळून घालावें. खोबरेल लागलेला हात टांकींत बुडाला तरी तेंच होतें. उलट फेंस अकस्मात् उसळून पेला वाहूं लागला, तर नुकतें कालविलेलें मीठ, पाण्याचा क्लोरीन मारण्याचें औषध, खडक चिकटविण्याचा मसाला किंवा माशांचें एखादें औषध, यांपैकीं कांहीं पाण्यांत गेलें असेल. अशा वेळीं झडप उघडून पातळी उतरवावी आणि दोन दिवस वाट पाहावी. औषधोपचार चालूं असतांना पेला काढून ठेवावा, पंप चालूं राहूं द्यावा. औषध फेंसावाटे निघून जाणार नाहीं आणि हवा मात्र मिळत राहील. मानेच्या आंतील चिकट थर आठवड्यांतून एक-दोन वेळां नुसत्या पाण्यानें व फडक्यानें पुसावा. त्या थरानेंच वर चढणारा फेंस मोडतो, आणि लोक मात्र समजतात कीं पाणी स्वच्छ झालें म्हणून फेंस कमी झाला. हवेच्या नळीच्या टोंकाशीं मीठ साकळतें. महिन्यांतून एकदां तिच्यांतून कोमट गोडें पाणी ओढूं द्यावें. तीन-चार महिन्यांनीं पंप सोडवून व्हिनेगरच्या पाण्यांत ठेवावा.

या यंत्राची एक बाजू शहरी घरांत विशेष जपावयास हवी. तें ताशीं कित्येक शें लिटर हवा ओढतें, आणि ती हवा खोलींतली असते. खोलींत जें जळेल, फवारलें जाईल, रंगविलें जाईल, तें सारें बारीक बुडबुड्यांच्या वाटेनें पाण्यांत उतरतें. डासांची कॉइल, झुरळांवरचें फवारे, संध्याकाळचा धूप, भिंतींचा ताजा रंग, इमारतीच्या आवारांत डासांसाठीं सोडलेला धूर, दिवाळींतील फटाक्यांचा धूर, यांतील प्रत्येक गोष्ट माणसाला क्षणभर खोकला आणून सोडील. पण पाण्यांतील जीव त्या पाण्याबाहेर जाऊं शकत नाहींत. कीटकनाशक कवचधारी जीवांना तर विशेष घातक. पेस्ट कंट्रोलवाले येण्याच्या दिवशीं यंत्राची हवेची नळी खिडकीबाहेर काढावी, आणि बाहेरहि धूर असेल तर तेवढा वेळ यंत्र बंद ठेवून पाणी ढवळणारे दुसरे पंप चालूं ठेवावे. एरवींहि नळी खिडकीबाहेर नेण्यांत फायदा आहे. दारें-खिडक्या लावून वातानुकूलन चालविलेल्या लहान खोलींत माणसांच्या श्वासानें कार्बन डायऑक्साइड सांचतो, तो पाण्यांत विरघळून त्याचा आम्लपणा वाढवितो. मोकळ्या हवेनें तो उतरतो.

फेंसयंत्र मळ काढतें तसा प्राणवायूहि पुरवितें, आणि याची जाणीव बहुधा वीज गेल्यावरच होते. गोड्या पाण्यांत २५ अंश सेल्सियस तपमानाला लिटरमागें सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळूं शकतो. समुद्राच्या पाण्यांत तितक्याच तपमानाला पावणेसात, आणि ३० अंशांवर जेमतेम सव्वासहा. म्हणजे मे महिन्याच्या उकाड्यांत, जेव्हां जीवांची भूक व श्वास वाढलेला असतो, तेव्हांच पुरवठा घटतो. मुंबईची हवा दमट, म्हणून पेटीवर पंखा लावूनहि पाणी कोरड्या प्रदेशांतल्याइतकें थंड होत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि उपनगरांचे मोठे भाग दीर्घकाळ विजेविना राहिले. १२ ऑक्टोबर २०२० या सोमवारीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व आसपासची वीज एकदम गेली आणि कांहीं भागांत कित्येक तास आलीच नाहीं. अशा दिवशीं ज्याच्या घरीं घटावर चालणारा लहानसा हवेचा पंप असतो त्याचे मासे वांचतात. इन्व्हर्टर असेल तर त्यावर दिवे किंवा चिलर न लावतां केवळ पाणी ढवळणारा एक पंप लावावा.

वीज परत येते तो क्षणहि धोक्याचा आहे. पंप थांबले कीं वरच्या पेटींतील कांहीं पाणी खालच्या टांकींत उतरतें. वीज येतांच फेंसयंत्र त्या वाढलेल्या पातळींत सुरू होतें आणि दोन मिनिटांत पेला भरून सारा सांचलेला मळ पुन्हां पाण्यांत किंवा जमिनीवर ओततें. टांकी कधींहि काठोकाठ भरूं नये, आणि मुख्य पंपानें पाणी वर नेऊन पातळी पूर्ववत् केल्यावर दहा मिनिटांनीं फेंसयंत्र चालूं होईल अशी व्यवस्था करावी. असें उशिरां चालूं होणारें बटण बाजारांत मिळतें.

गणपतींत आठ-दहा दिवस कोंकणांत जाणाऱ्या कुटुंबानें निघण्यापूर्वीं तीन-चार दिवस आधीं पेला व मान स्वच्छ धुवावी आणि झडप नेहमींपेक्षां किंचित् उघडी ठेवावी, म्हणजे फेंस कोरडा राहील व पेला उशिरां भरेल. निघण्याच्या दिवशीं कळ फिरवूं नये. तिचा परिणाम दिसेपर्यंत गाडी रत्नागिरी ओलांडून गेलेली असते. शेजाऱ्याकडे चावी देतांना त्यास तीनच गोष्टी सांगाव्या. माशांना रोज पुडींत बांधून ठेवलेलें तेवढेंच खाद्य घालावें. गोडें पाणी खुणेपर्यंत भरावें. पेला अर्ध्यावर आला तर तो संडासांत ओतून, नुसत्या पाण्यानें धुवून परत बसवावा. कुंडींतील तुळशीला तें पाणी घालूं नये, त्यांत मीठ असतें. चवथी गोष्ट म्हणून झडपेवर कागदाची चिठ्ठी चिकटवावी, आणि तिच्यावर हात लावूं नये एवढेंच लिहावें.